वाळू धुवा, पण विरजण ठेवा



मागच्या महिन्यात शोभिवंत मासे पाळणाऱ्या तीन गटांतून मला एकच फोन आला. "मॅडम, टाकीतली वाळू हिरवी पडलीय. सगळी काढून टाकू का?" एका ताईंनी तर विचारायच्या आधीच वाळू उपसून अंगणात ओतली होती. नवी वाळू आणायची म्हणजे गोणीचे पैसे, गाडीभाडं, आणि ती धुण्यात जाणारा अख्खा दिवस. म्हणून या अंकात वाळूबद्दलच लिहायचं ठरवलं. खराब झालेली वाळू बहुतेक वेळा पुन्हा वापरता येते. फक्त ती कशाने खराब झाली हे आधी बघायला हवं, कारण शेवाळाचा उपाय वेगळा आणि रोगाचा वेगळा.

आधी माझी चूक सांगते

दोन वर्षांपूर्वी मी या कामावर नवीन होते. एम.एस.डब्ल्यू. केलेलं, बचत गटाची दप्तरं तोंडपाठ, पण मासे काही माझ्या अभ्यासात नव्हते. एका गटाच्या टाकीत शेवाळ झालं. मी आत्मविश्वासाने सांगितलं, "सगळी वाळू काढा, टीसीएल पावडर टाकून धुवा, टाकी घासा, फिल्टरचा स्पंजपण धुवा. एकदम स्वच्छ." तायांनी तसंच केलं. दिवसभर पाच जणी राबल्या. संध्याकाळी टाकी अशी चकाकत होती की आम्ही फोटो काढून ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी मासे परत सोडले.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं पांढुरकं झालं. पाचव्या दिवशी गप्पी वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. आठवडा संपेपर्यंत निम्म्याहून जास्त मासे गेले. ज्या ताईंनी गटातून अंतर्गत कर्ज घेऊन ते मासे आणले होते, त्यांनी पुढचे चार हप्ते काजूच्या मजुरीतून फेडले. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

मासे शेवाळाने मेले नव्हते. आमच्या स्वच्छतेने मेले होते. ते कसं, हे पुढे एका प्रशिक्षणात समजलं. तेच तुम्हाला सांगते.

वाळूत काय राहतं?

मासा खातो, आणि त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो. उरलेलं खाद्य कुजलं की त्यातूनही अमोनिया तयार होतो. हा माशाला विष आहे. नदीत पाणी वाहतं, भरपूर असतं, म्हणून तिथे तो साचत नाही. टाकीत साचतो.

मग चांगल्या चाललेल्या टाकीत मासे जगतात कसे? तर वाळूच्या कणांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर डोळ्यांना न दिसणारे उपयोगी जिवाणू चिकटून राहतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राईट करतात. नायट्राईटही माशाला विषच. मग दुसरे जिवाणू त्या नायट्राईटचं नायट्रेट करतात. नायट्रेट थोडं असेल तर मासे सहन करतात, आणि आपण दर आठवड्याला थोडं पाणी बदलतो तेव्हा ते बाहेर जातं.

म्हणजे वाळू हे टाकीचं विरजण आहे बघा. दही लावताना आपण जुन्या दह्याचा चमचा ठेवतो की नाही? सगळं भांडं खरवडून उकळत्या पाण्याने धुतलं आणि विरजणच उरलं नाही, तर दूध कितीही चांगलं असो, दही लागत नाही. आम्ही टीसीएलने तेच केलं होतं. शेवाळाबरोबर विरजणही मारलं. आणि एकदा गेलं की ते नव्याने जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. आम्ही एका दिवसात मासे सोडले.

आधी ओळखा, मग धुवा

वाळू काढायच्या आधी पाच मिनिटं टाकीसमोर बसा. बघा, वास घ्या, बोट लावा.

हिरवं शेवाळ: काचेवर आणि वाळूच्या वरच्या थरावर हिरवा लेप किंवा बारीक केसासारखे धागे. वास फारसा नाही. मासे खातात, पोहतात. उजेड आणि खाद्य जास्त झालं, एवढाच याचा अर्थ. रोग नाही.

तपकिरी लेप: नवीन टाकीत वाळूवर तपकिरी भुकटी बसल्यासारखी दिसते. बोटाने पुसली जाते. टाकी जुनी होत गेली की बहुतेक वेळा आपोआप कमी होते.

निळसर हिरवा थर: हा दुधावरच्या सायीसारखा वाळूवर पसरतो, बुळबुळीत असतो, बोटाने उचलला तर पापुद्रा निघतो आणि कुबट वास येतो. आपण याला शेवाळच म्हणतो, पण हे खरं तर जिवाणू आहेत. तळाशी पाणी हलत नाही, घाण साचते, तिथे ते वाढतात.

पांढुरकं पाणी: वाळू ठीक, पण पाणी दुधाळ. नवीन टाकीत किंवा फार घासूनपुसून धुतलेल्या टाकीत असं होतं. हेही जिवाणूच, पण ते माशाला थेट रोग करत नाहीत. पाण्यातला प्राणवायू मात्र खातात. इथे वाळूला हात लावू नका. हवेचा पंप चालू ठेवा, खाद्य कमी करा, रोज थोडं पाणी बदला. काही दिवसांत पाणी निवळतं.

काळी वाळू: वाळू खालून काळी पडलेली, हलवली की कुजलेल्या अंड्यासारखा वास. वाळू फार बारीक किंवा थर फार जाड असला की खाली हवा पोचत नाही आणि विषारी वायू साठतो. मासे टाकीत असताना ही वाळू ढवळू नका. मासे दुसरीकडे हलवा, मग काढा.

रोग: माशांची शेपटी झिजते, तोंडाजवळ कापसासारखं पांढरं दिसतं, अंगावर लाल जखमा होतात, पोट फुगून खवले उभे राहतात, आणि एकामागून एक मासे मरतात. असं असेल तर वाळूचा विचार वेगळा करायचा. तो पुढे सांगते.

शेवाळ असेल तर

मासे हलवायची गरज नाही. असं करा.

आधी बादलीत टाकीतलंच पाणी काढून घ्या. पाईपने पाणी काढताना तोंडाने ओढू नका. पाईप पाण्यात बुडवून पूर्ण भरा, एका टोकाला अंगठा दाबा, ते टोक बादलीत खाली धरा आणि अंगठा सोडा. पाणी आपोआप येतं.

वरची अर्धा इंच वाळू काढून त्याच पाण्यात धुवा. तांदूळ धुतो तसं हाताने फिरवायचं, गढूळ पाणी ओतायचं, पुन्हा टाकीचंच पाणी घ्यायचं. दोन-तीन वेळा पुरे. पाणी अगदी नितळ होईपर्यंत धुत बसू नका. नळाचं ताजं पाणी वापरू नका, कारण त्यात ग्रामपंचायतीने टाकलेलं टीसीएल असतं. ते आपल्याला प्यायला चांगलं, पण विरजणाला मारक.

एका वेळी एक तृतीयांशच वाळू धुवा. उरलेली दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने. आणि ज्या दिवशी वाळू धुवाल त्या दिवशी फिल्टरचा स्पंज धुवू नका. विरजण दोन भांड्यांत आहे, दोन्ही एकदम रिकामी करायची नाहीत.

निळसर हिरवा थर असेल तर आधी पाईपने जमेल तेवढे पापुद्रे ओढून घ्या. मग टाकीवर गोणपाट किंवा जाड काळं कापड टाकून तीन दिवस पूर्ण अंधार करा. हवेचा पंप चालूच ठेवायचा, कारण मेलेला थर कुजताना प्राणवायू कमी होतो. चौथ्या दिवशी उरलेली घाण काढा आणि पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. पंपाची नळी थोडी सरकवून तळाशीही पाणी हलेल असं बघा. या थरातल्या काही जाती विषारी असू शकतात, म्हणून ते पाणी जनावरांच्या डोणीत जाऊ देऊ नका. खड्ड्यात ओता.

बाकी हिरव्या शेवाळाचं धुतलेलं पाणी परसबागेला घाला. वांगी, मिरचीला ते चांगलं खत आहे.

शेवाळ पुन्हा येऊ नये तर कारण काढायला हवं. टाकी खिडकीच्या थेट उन्हातून हलवा. दिवा रोज सहा ते आठ तासच लावा. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढंच खाद्य घाला. "बिचाऱ्यांना भूक लागली असेल" म्हणून घातलेली जास्तीची चिमूट शेवाळाच्या पोटात जाते, हे लक्षात ठेवा.

रोग असेल तर

इथे विरजण वाचवायचा मोह सोडायचा. रोगट टाकीचं विरजण दुसऱ्या टाकीत न्यायचं नाही. वाळू पूर्ण निर्जंतुक करायची आणि नंतर नवं विरजण लावायचं.

आजारी मासे वाळू नसलेल्या वेगळ्या टाकीत ठेवा. औषध मात्र दुकानदाराच्या किंवा माझ्या सांगण्यावर टाकू नका. जिवाणूनाशक औषध चुकीचं किंवा अर्धवट दिलं तर रोग जात नाही, उलट औषधाला सरावतो. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, जिल्ह्यात मत्स्यव्यवसाय विभागाचं कार्यालय असतं. तिथे विचारून मगच.

वाळू काढताना रबरी हातमोजे घाला. हाताला कापलं, खरचटलं असेल तर ते काम त्या दिवशी दुसरीने करावं. वाळू आधी साध्या पाण्याने खळखळून धुवा. हे महत्त्वाचं, कारण घाण असेल तर ब्लिचिंगची ताकद घाणीतच संपते. मग दोनपैकी एक करा.

पहिला मार्ग उकळण्याचा. वाळू थोडी असेल तर जुन्या पातेल्यात, वाळू बुडून वर चार बोटं राहील इतकं पाणी घाला आणि उकळी आल्यावर १५ ते २० मिनिटं ठेवा. मधूनमधून काठीने हलवा, नाहीतर तळाची वाळू उसळून पाणी अंगावर उडतं. मोठे दगड उकळू नका, आत ओल अडकलेली असेल तर ते फुटू शकतात. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नाही.

दुसरा मार्ग टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडरचा. १० लिटर पाण्यात ताज्या पावडरचे २ सपाट चहाचे चमचे मिसळा. थोडा वेळ ठेवा, चुना खाली बसेल. वरचं निवळ पाणी तेवढं वाळूवर ओता. बादली अर्ध्यापेक्षा जास्त वाळूने भरू नका. किमान एक तास, मधूनमधून काठीने हलवत ठेवा. जाळ्या, पाईप आणि रिकामी टाकीही याच पाण्याने धुवा. हे काम उघड्यावर करा, तोंडाला रुमाल बांधा, लहान मुलांना लांब ठेवा. टीसीएलमध्ये संडास साफ करायचं ॲसिड, व्हिनेगर किंवा दुसरं काहीही मिसळू नका. त्यातून निघणारा वायू जीवघेणा असतो. हे पाणी परसबागेत, विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतायचं नाही.

मग वाळू चार-पाच पाण्यांनी धुवा आणि प्लॅस्टिकवर पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. वाळवणासारखी वर-खाली करा. क्लोरीन उन्हात आणि वाऱ्यावर उडून जातो.

आता खात्री. वाळू रात्रभर साध्या, टीसीएल नसलेल्या पाण्यात भिजवा. सकाळी ते पाणी बाटलीत घेऊन ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे जा. पिण्याच्या पाण्यासाठी ते ओ.टी. टेस्ट करतात ना, तीच करायला सांगा. पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. पुन्हा धुवा, पुन्हा वाळवा. रंग आला नाही तर वाळू तयार. पिण्याच्या पाण्याला पिवळं हवं, माशाच्या पाण्याला नको, एवढं ध्यानात ठेवा.

पावसाळ्यात आपल्याकडे वाळू वाळणं कठीण. म्हणून हे काम मे महिन्यात उरकून घ्या. पावसात वेळ आलीच तर उकळण्याचा मार्ग धरा.

कोणती वाळू टाकूनच द्यायची?

मासे खातात तरी हडकतात, पाठीचा कणा वाकतो, जखमा भरत नाहीत, महिन्याला एक-दोन करत मासे जातात, असं असेल तर माशांचा क्षय असू शकतो. त्याचे जिवाणू चिवट असतात, साध्या ब्लिचिंगला सहज दाद देत नाहीत. ती वाळू वाचवू नका. खड्डा करून पुरा.

आणि हे तुमच्या हातांसाठी सांगते. हेच जिवाणू जखमेतून माणसाच्या कातडीत जाऊ शकतात. टाकीत काम करणाऱ्या ताईच्या बोटावर किंवा हातावर गाठ आली, फोड आला आणि आठवडे गेले तरी बरा होत नाही, तर घरगुती लेप लावत बसू नका. दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा, "मी माशांच्या टाकीत काम करते." हे सांगितलं नाही तर त्यांच्या लक्षात येणं अवघड जातं.

नवं विरजण कसं लावायचं?

निर्जंतुक वाळू म्हणजे कोरं भांडं. त्यात लगेच सगळे मासे सोडायचे नाहीत. माझी चूक हीच होती.

वाळू टाकीत दीड-दोन इंच पसरा. उघड्या भांड्यात २४ तास ठेवलेलं पाणी भरा. हवेचा पंप चालू करा. आता आपल्या किंवा शेजारच्या गटाच्या निरोगी टाकीतली दोन मुठी वाळू मलमलच्या फडक्यात बांधून आणा. ओलीच आणायची, वाळू द्यायची नाही. ती पुरचुंडी पंपाच्या बुडबुड्यांजवळ ठेवा. निरोगी टाकीचा स्पंज त्याच टाकीच्या पाण्यात पिळून ते मळकट पाणी आणलं तरी चालतं. दिसायला घाण, पण आपल्या कामाचं तेच.

मग दोन-तीन काटक मासे सोडा आणि खाद्य अगदी कमी घाला. अमोनिया आणि नायट्राईट तपासायचं किट मिळतं. प्रत्येकीने घ्यायची गरज नाही, गटात एक पुरे. लागोपाठ दोन आठवडे दोन्ही शून्य आले की बाकीचे मासे थोडे थोडे सोडा. निरोगी टाकीचं विरजण असेल तर हे लवकर होतं, नसेल तर ४ ते ६ आठवडे धरून चाला. या काळात मासे वर येऊन श्वास घ्यायला लागले किंवा कल्ले लालभडक दिसले तर ताबडतोब पाव ते अर्धं पाणी बदला.

सगळ्या टाक्यांना वाळू लागतच नाही

हे पण सांगून ठेवते. पिल्लांच्या टाकीला आणि आजारी माशांच्या टाकीला वाळू नको. तळ मोकळा असला की घाण दिसते आणि पाईपने लगेच निघते. तिथे विरजणाचं काम स्पंज फिल्टर करतो. वाळू लागते ती झाडं लावलेल्या आणि गिऱ्हाइकाला दाखवायच्या टाकीला.

नवी वाळू आणलीच तर समुद्रकिनाऱ्याची नको. तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. ओळखायचं कसं? वाळूवर लिंबू पिळा किंवा व्हिनेगर टाका. फसफसली तर चुरा आहे, पाणी जड होईल. मॉली, गप्पीला ते चालून जातं, पण टेट्रा, एंजल यांना मानवत नाही.

शेवटचं

खाडीकाठच्या अनेक गावांत कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजनेतून खेकडा, कालवं आणि शोभिवंत मासे असे वेगवेगळे व्यवसाय महिला गट करतायत. यातला शोभिवंत माशांचा व्यवसाय घराच्या पडवीत होतो, म्हणून तो सोपा वाटतो. पण त्यात आपले हप्ते अडकलेले असतात.

म्हणून पुढच्या मासिक बैठकीत एक ठराव करा. ज्यांच्याकडे टाक्या आहेत त्यांच्यापैकी एकीची टाकी "विरजणाची टाकी" ठरवा. तिथे बाहेरचा नवा मासा थेट सोडायचा नाही, दुसऱ्या टाकीची जाळी बुडवायची नाही. गटात कुणाची टाकी बसली की दोन मुठी वाळू तिथून न्यायची. शेजारणीकडून विरजण मागायला आपण कधी लाजलो नाही. इथेही लाजू नका.

ज्या ताईंचे मासे माझ्यामुळे गेले, त्यांनी मागच्या दिवाळीपासून पुन्हा टाक्या लावल्यात. गटाची विरजणाची टाकी आता त्यांच्याच पडवीत आहे. परवा मी गेले तर म्हणाल्या, "मॅडम, हात लावायच्या आधी विचारायचं हं." बरोबर आहे त्यांचं.

तुमची,
क्षेत्र समन्वयक